दुपट्ट्याखालचा हात

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना अजून भाव कळतो. नातसुनेनं भाजीची पिशवी हातात दिली की बोटं आपोआप मिटतात, उघडतात आणि तोंडातून निघून जातं, "जास्त दिले." ती चिडते. तिचं चिडणं रास्त आहे, कारण भाजीतलं मला काडीचं कळत नाही. मला बैल कळतो. आणि बैलाहून थोडा जास्त कळतो तो बैल विकायला आलेला माणूस.

बालाघाटच्या गुरांच्या बाजारात मी दलाली केली. या अंकाच्या संपादकांनी "मध्यस्थ" असं लिहा म्हणून सुचवलं होतं. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात, भले गृहस्थ आहेत, माझी अब्रू वाचवायला बघत होते. पण मी दलालच होतो आणि माझ्या तोंडानं सांगतो, चांगला दलाल होतो. हल्ली हा शब्द पुढाऱ्यांना शिवी म्हणून वापरतात. त्यात माझा काय दोष? पुढाऱ्यांनी कधी माझ्याइतकी शेणात उभं राहून मेहनत केली नाही.

संपादकांनी विचारलं, "माणूस व्यवहार डोक्यानं करतो की मनानं?" मी म्हटलं, "आमच्या बाजारात हातानं करतो." ते हसले आणि म्हणाले, हेच लिहा. म्हणून लिहायला बसलो.

ज्यांनी गुरांचा बाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडानं बोलत नसत. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, मी खांद्यावरचा दुपट्टा त्यांच्या हातांवर टाकत असे आणि त्याखाली बोटांची बोलणी चालत. एक बोट धरलं म्हणजे एक. चार धरली म्हणजे चार. पूर्ण पंजा म्हणजे पाच, आणि पंजा धरून सोडून पुन्हा एक बोट दाबलं की सहा. बोटाचं पेर दाबलं की अर्धं. तोंडानं फक्त "हे शेकडे" एवढं म्हणायचं, म्हणजे बोट शंभराचं की दहाचं याचा घोळ होत नसे. दलालाचा हात दोघांच्या हातांवर, दुपट्ट्याच्या आतच. त्यामुळे कोण काय मागतो आणि कोण कुठं अडतो हे तिघांखेरीज कुणाला कळत नसे. भाव पटला की देणारा घेणाऱ्याची बोटं दुमडून त्याची मूठ करी. मग मी दुपट्टा ओढायचा आणि घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या उघड्या तळहातावर चारचौघांत टाळी द्यायची. टाळी वाजली की सौदा पक्का. नंतर कुणी मोडला तर बाजारात त्याला पुन्हा कुणी बसू देत नसे.

राज्याची फेररचना झाली, आमचा जिल्हा भोपाळकडे गेला, कचेऱ्यांतून मराठी हळूहळू उठली. बाजारात काही फरक पडला नाही. मराठी बोलणारा, पोवारी बोलणारा, हिंदीवाला, डोंगरातला गोंड, सगळ्यांची बोटं एकच भाषा बोलत. पुढं नवे पैसे आले तेव्हा शाळामास्तर लोकांना दशमान पद्धत समजावत फिरत होते. आमची दहा बोटं तो धडा कधीच शिकून बसली होती.

लोक विचारतात, हे झाकून कशाला? झाकलं की डोकं थंड राहतं, म्हणून. एकदा लांजीकडचे दोन साडू एकाच बैलावर अडले आणि दुपट्ट्याला न जुमानता तोंडानं भाव बोलायला लागले. सासुरवाडीचे लोक भोवती उभे होते. एक म्हणाला की दुसरा चढला. बैल बिचारा रवंथ करत होता आणि त्याचा भाव अशा ठिकाणी गेला, की तिथं दोघांनाही तो नको झाला होता. शेवटी ज्याला मिळाला तो माझ्यावरच गुरकावला, "तू मले थांबवलं काहून नाही गा?" दुपट्ट्याखाली तोच माणूस अर्ध्या बोटासाठी घटकाभर घासाघीस करायचा.

झाकलं म्हणजे मन बाहेर राहतं, असं मात्र समजू नका. पोळ्याचंच घ्या. भाताची रोवणी आटोपली की बैलाला काम उरत नाही, तो उभा राहून खातो. हिशेबी माणसानं बैल विकायचा तर पोळ्याच्या आधी विकावा. पण त्या बाजारात विकणारा सापडत नसे, आणि घेणारे मात्र भाव चढवून घेत. कारण पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली आपली जोडी उभी नाही म्हणजे काय? मी स्वतः दरवर्षी लोकांना समजावत असे आणि दरवर्षी माझा बैल पोळ्यानंतर पडत्या भावात विकत असे.

मनाचं दुसरं तोंडही पाहिलं. आमच्या शहरातल्या एका वस्तीत नामदेव म्हणून गृहस्थ होते. त्यांच्या घराण्यानं गावची मेलेली गुरं ओढली होती. बौद्ध झाल्यावर त्यांनी ते काम सोडलं, पदरचं घालून थोडी जमीन केली आणि आयुष्यातली पहिली जोडी घ्यायला बाजारात आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात नवा कासरा. एका पाटलाची जोडी त्यांच्या मनात भरली. दोघं बसले, बोलणी रंगात आली, नामदेवांनी सरळ भाव दिला. तेवढ्यात मागून कुणीतरी पाटलाला त्यांची वस्ती सांगितली. पाटलानं हात असा ओढला की माझा दुपट्टा धुळीत पडला. तीच जोडी त्यानं तासाभरानं दुसऱ्याला दोन बोटं कमी घेऊन विकली. मला त्या दिवशी माझ्या बाजाराची लाज वाटली. मी नामदेवांना घेऊन दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथं त्यांना चार दाती, म्हणजे ऐन उमेदीतली, निकोप जोडी मिळवून दिली. टाळी चांगली खणखणीत वाजली. जाताना ते म्हणाले, "पाटलानं दोन बोटं गमावली, भाऊ. मले तं जोडी भेटली." त्यांची नवी घुंगरं मला बराच वेळ ऐकू येत होती.

आता गिरधारी शेठबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांच्याशिवाय होत नाही. गोंदियाकडचे मोठे व्यापारी. आमच्या बाजारात जोड्या घेत आणि पुढं वऱ्हाडाकडे विकत. अंगानं जाड, बोटात दोन अंगठ्या, बोलणं अर्धं हिंदी. बाकीचे व्यापारी बैलाचे दात पाहत, खांदा पाहत, चालवून पाहत. शेठ हे सगळं करतच, पण त्यांचा भरवसा वेगळ्याच गोष्टीवर होता. ते विकणाऱ्याचा हात वाचत. पहिल्या दाबात त्यांना कळे की या माणसाला गरज किती आहे. हात घामेजला, बोट थरथरलं, त्यांनी हात सोडल्यासारखा केला आणि समोरच्यानं घट्ट धरला, की शेठ तिथंच बसत आणि भाव खाली खाली नेत. कधीकधी मालकाच्या वतीनं दलालच बोटं धरी, शेठना ते चालत नसे. "मालक का हात चाहिए, तुमचा नाही," असं मला तोंडावर सांगत. मला त्यांचा राग येई आणि त्यांचं कौतुकही वाटे. या धंद्यात माझ्या तोडीचा तोच एक माणूस होता.

माझा स्वतःचा एक नियम होता. बैलाची खोड मी कधी लपवली नाही. बैल बसका असेल, मारका असेल, तर घेणाऱ्याला आधी सांगायचो. पण माणसाची गरज मी नेहमी लपवली. बैल विकायला आणलाय, माणूस नाही.

थंडीचे दिवस होते. लामत्याकडची एक बंडी बाजाराच्या कडेला येऊन थांबली. बंडीला जुंपलेली जोडी पाहून चार लोक उठून उभे राहिले. उंच, पांढरी, सारख्या शिंगांची. बंडी हाकत होती एक बाई, आणि तिच्यामागं घोंगडं पांघरून नवरा बसला होता. मी त्याला ओळखत होतो. दसरूभाऊ. रांगडा, हसरा गडी, हीच जोडी गोऱ्हे असताना माझ्याच दुपट्ट्याखाली घेऊन गेलेला. पण हा दसरू हसला नाही. बाईनं त्याला कमरेला धरून उतरवलं, बंडीच्या चाकाला टेकून बसवलं आणि घोंगडं नीट केलं.

"काहून गा दसरूभाऊ, ही जोडी विकता?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. मी शेजारी बसलो, दुपट्टा टाकला आणि किती मागायचे ते बोटांनी सांग म्हणून त्याचा उजवा हात हातात घेतला. हात ओल्या फडक्यासारखा माझ्या हातात पडला. मी बोट दाबलं. काही नाही. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं.

"लकवा मारला," त्याची बायको हळू आवाजात म्हणाली. तिचं नाव भागरता. "पोळ्यापासून. उजवं अंग गेलं, पाय जरासा हालते. आमच्याकडच्या बाजारात गेलो असतो तं सगळ्याइले मालूम आहे. म्हून अथी आलो, भाऊ."

मग तिनं तिचा बेत सांगितला. ही जोडी अंगानं मोठी, जोरकस. तिला धरायला दसरूसारखाच माणूस लागे. ती विकायची, त्यातून इथंच एक लहान, गरीब स्वभावाची जोडी घ्यायची, उरलेल्यात एक गडी ठेवायचा आणि आपली बांधी, म्हणजे भाताचं शेत, आपणच करायची.

"आठ भेटले तं हे सारं होते," ती म्हणाली. "आठाच्या खाली आलं तं दिराले जमीन बटईनं, अर्ध्या वाट्यानं द्या लागन. आन त्याच्याकडं गेलेली बांधी वापस येत नाही, भाऊ. आमच्या सासऱ्याच्या चुलतभावाची नाही आली. अन् जोडी विकून जोडी नाही भेटली, तं ही बंडीबी अथीच पडन."

आठ म्हणजे आठशे. जोडीची लायकी त्याहून थोडी जास्तच होती. पण मालकाला लकवा झालाय हे कळलं तर ती सहाला गेली असती. आणि त्या दिवशी बाजारात अशी जोडी पेलणारा व्यापारी एकच होता. तो बैलांभोवती फिरत होता आणि त्याच्या बोटातल्या अंगठ्या उन्हात चमकत होत्या.

"शेठ मालकाचाच हात मागन," मी म्हणालो. "डावा चालत नाही. डाव्या हातानं आमच्याकडं कोणी सौदा करत नाही."

दसरू पहिल्यांदा बोलला. जीभ जड झाली होती. "देऊन टाक... काय देईन ते."

"थांबा तुमी," भागरता म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "भाऊ, मी बसतो याइच्या मागं. घोंगडं मोठं आहे. याइच्या जागी हात माह्या घाला."

आमच्या बाजारात बाईनं दुपट्ट्याखाली हात घातल्याचं मी ऐकलंही नव्हतं. "वयनी, तुमाले बोटाची भाषा येते?"

"का नाही येत? बाजारातून आले का जेवता जेवता माह्या हातावर सगळा सौदा दाखवत. यानं एवढे मांगले, म्या असं ढकललं. इतके साल दाखवून राह्यले."

दसरूच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू मला तिथं दिसलं. मी तिचा हात पाहिला. रोवणीचा, विळ्याचा, शेणाचा हात. कुठल्याही कुणब्याच्या हाताइतका खरखरीत. फक्त बांगड्या होत्या. मी म्हटलं, "त्या काढा."

"बांगड्या नाही काढत," ती तुटकपणे म्हणाली. "मालक जिते आहेत." तिनं बांगड्या कोपराकडे सरकवल्या, पदराची चिंधी फाडली आणि वरून घट्ट बांधल्या. हात हलवून पाहिला. आवाज नाही. मला वाटलं, ही बाई दलाल झाली असती तर माझं दुकान उठलं असतं.

ती नवऱ्याच्या उजव्या अंगाला, थोडी मागं, पदर ओढून बसली. बायका बसतात तशी. तिचा हात त्याच्या बगलेखालून घोंगड्यातून पुढं आला. शेठ समोर येऊन बसले. मी दुपट्टा टाकला, दोघांच्या हातांवर माझा हात ठेवला आणि देवाचं नाव घेतलं.

"हे शेकडे," शेठ म्हणाले आणि त्यांनी दाबून सहा सांगितले. भागरताच्या बोटांनी ते सरळ मागं ढकलले आणि दोनदा पंजा धरला. दहा. शेठनी भुवई वर केली. मग साडेसहा, मग सात. माझ्या तळहाताखाली मला तिचा हात कळत होता. गरम नाही, गार नाही, घाम नाही. इकडं दसरूचा श्वास मात्र मोठा मोठा होत चालला होता. तेवढ्यात जोडीतल्या एका बैलानं मान लांब केली आणि दसरूच्या टोपीवरून, कानावरून जीभ फिरवली. दसरूच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

शेठनी ते पाहिलं. आता पुरतं कळलं याला, असं मला वाटलं. शेठ सात आणि अर्ध्यावर आले, मग आठावर. तिथं थांबले.

मी मनात म्हटलं, वयनी, मिटा मूठ. आठ आले. पण तिनं मूठ मिटली नाही. तिनं नऊ दाबले. शेठनी त्यांचा नेहमीचा डाव टाकला, हात दुपट्ट्याखालून काढायला सुरुवात केली. भलेभले इथं घाबरतात आणि निघता हात धरून ठेवतात. भागरतानं आपला हात सपाट उघडा केला. जायचं तर जा.

शेठचा हात दुपट्ट्याच्या काठाशी थांबला. एक जोडी, एक जमीन, एक बंडी, सगळं त्या काठावर येऊन अडकलं होतं, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

शेठ दसरूकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "अजब आदमी आहे. डोळे विकून राह्यले, हात नाही विकून राह्यला."

आणि त्यांचा हात परत आत आला. आठ, आणि वर एक पेर. साडेआठ. भागरतानं क्षणभर तसंच राहू दिलं. मग शेठची बोटं एकेक करून दुमडली आणि त्यांची मूठ केली.

मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात लक्षात आलं की मी एक गोष्ट विसरलो होतो. टाळी! आता दुपट्टा काढायचा आणि दसरूनं सगळ्यांसमोर उजवा हात पुढं करायचा. लोक जमले होते. बांगड्यांची चिंधी आठवली, टाळी नाही आठवली. मी दुपट्टा धरून नुसता बसून राहिलो, आणि भागरतानं हळूच हात मागं घेतला.

शेठ आधीच उठले होते. "राहू दे गा दलाल, थंडी आहे. मालकाले बसू दे," असं म्हणून ते बैलाकडे गेले आणि त्याच्या पाठीवर त्यांनी फाडकन थाप मारली. "हे घे टाळी." लोक हसले. मीही हसलो, कारण माझा जीव भांड्यात पडला होता.

दुपारी मी स्वतः फिरून त्यांना लहान जोडी घेऊन दिली. तांबडी, ठेंगणी, लेकरानं हाकावी अशी. बंडीचं जू त्यांना मोठं होत होतं. भागरतानं चिंध्या गुंडाळून ते खांद्यावर बसतं केलं. माझी दलाली तिनं पुरी दिली, मी नको म्हणत असताना. दसरू पलीकडे बसला होता तेव्हा मी तिला विचारलं, "आठात तं सारं होत होतं, वयनी. मग शेठचा हात जाऊ काहून देला? भेव नाही वाटलं?"

"वाटलं ना. पायात वाटलं, हातात नाही येऊ देलं." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी बारीक केला. "आठात जोडी आन गडी होते. याइच्या दवाईले काय राह्यते? गोंदियाले डाक्टर आहे म्हणतात, मालिश करते, बिजलीचं काही लावते. याइच्यासमोर बोलली असती तं म्हणले असते, माह्यासाठी नोको. म्हून दवाईचं अर्धं बोट म्या मनातच ठेवलं होतं."

मी रोज शंभर हात धरणारा माणूस. पण कुणी नवऱ्याच्या औषधासाठी आठशेचा सौदा काठावर नेऊन उभा केला, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. मला त्या बाईचा अभिमान वाटला, आणि खरं सांगतो, स्वतःचाही वाटला. वर्षभर मी मनात मिरवत होतो की गिरधारी शेठला बनवणारा अख्ख्या बाजारात एकच दलाल आहे. तो मी.

पुढल्या थंडीत भागरता पुन्हा आली. बंडीला तीच तांबडी जोडी होती, मागं दाव्यानं बांधलेला घरच्या गाईचा गोऱ्हा. आणि बंडीतून दसरू काठी टेकत, पाय ओढत, पण स्वतःच्या पायानं उतरला. बांधी त्यांच्याकडेच राहिली होती. गोऱ्हा विकायला काढला होता, आणि या खेपेला काही लपवायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, "वयनी, सांगा किती, मी बोलतो तुमच्या वतीनं."

"तुमी कायले?" ती म्हणाली आणि दसरूशेजारी, पण पुढं सरकून बसली. उघड्यावर. बांगड्या मनगटात. बाजारात कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणालाही, "आता बायाच बाजार करतीन काय?" दसरूनं त्याच्याकडे पाहून म्हटलं, "माह्या हात आहे तो. तुमाले काय तरास आहे?"

घ्यायला कोण यावं? गिरधारी शेठ. ते येऊन बसले. मी दुपट्टा टाकला. शेठनी पहिला दाब दिला आणि तसेच थांबले.

"ह्या हाताशी आपली पहचान आहे, बाई," ते म्हणाले.

भागरता शांतपणे म्हणाली, "हौ, शेठ. घरी हात एकच होता."

"मले तवाच समजलं होतं. पहिल्याच दाबात." ते माझ्याकडे वळले. "काय गा दलाल, मले शिकवतं? नांगर धरणाऱ्याचे घट्टे तळहातावर राह्यतात. विळा धरणारीचे बोटाच्या पेरावर."

माझं वर्षभराचं मिरवणं तिथंच धुळीला मिळालं. मी विचारलं, "मग शेठ, भाव काहून नाही पाडला? गरज तं दिसत होती."

शेठ गोऱ्ह्याकडे बघत म्हणाले, "जोडी साडेआठाचीच होती. मी रोज गरज पाहून पैसे देतो. त्या दिवशी बैल पाहून देले. बस, धंदा आहे." आणि लगेच चिडल्यासारखं, "आता बोल, बाई. टाइम नाही मले."

ते काहीही म्हणोत, मला तेव्हा कळलं. टाळी त्यांनीच सोडली होती. थंडीचं निमित्त त्यांचं होतं. मागितली असती तर दसरूचा लुळा हात अख्ख्या बाजारानं पाहिला असता. तो हिशेब कोणत्या बोटानं केला, ते शेठ सांगणार नव्हते, आणि मीही विचारलं नाही.

मग मात्र त्यांनी गोऱ्ह्याचा भाव असा पाडून मागितला की मागची सगळी कसर काढतात असं वाटावं. भागरतानंही सोडलं नाही. पेरापेरानं घासाघीस झाली. शेवटी तिनं त्यांची मूठ मिटली आणि मी दुपट्टा ओढला. आता टाळी. शेठ थबकले. परक्या बाईच्या हातावर टाळी द्यायची कशी?

भागरतानं दसरूचा उजवा हात आपल्या हातात घेतला. खालून आधार दिला आणि तळवा उघडून पुढं धरला. डॉक्टरच्या मालिशीनं त्या हातात थोडा जीव आला होता, करंगळी हलत होती. शेठनी आपला जाड, अंगठ्यांचा हात त्यावर अगदी अलगद ठेवला.

दसरूची मान ताठ झाली.

"हळू काहून ठेवता, शेठ?" तो म्हणाला. "सौदा आहे. जोरात मारा."

शेठनी मारली. आवाज एवढा झाला की शेजारची गुरं बिचकली, आणि मी दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला.